ताटात बसणारा मासा

बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात माझी एक ठरलेली अक्का आहे. ठरलेली म्हणजे मी नेहमी तिच्याकडूनच घेते असं नव्हे. पण दुसरीकडून घेतलं तर पिशवी ओढणीआड धरून तिच्यासमोरून निघावं लागतं, इतकं ते ठरलेलं. मे महिन्याच्या शेवटाला गेले होते. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळून गेलेला. रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा लाल चिखल, आत शिरलं की बर्फाचं वाहतं पाणी, त्यात खवले, आणि नाकाला सवय होईपर्यंत अंगावर येणारा तो वास. अक्का फळीवर पापलेटांची वाटणी करत होती. मोठे एका बाजूला, मधले गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे आणि तिसरा ढीग मागे. त्या तिसऱ्या ढिगातले पंजात मावणारे. अंगावरची चांदी अजून कुठं घासली गेली नव्हती. बोट लावलं की बोटाला चमचम लागत होती. ते तिनं भराभरा थर्माकोलच्या पेटीत रचले, वर बर्फाचा चुरा टाकला आणि झाकण दाबलं.

"हे कुणासाठी, अक्का?"

"हॉटेलवाल्यास्नी," ती म्हणाली. मी अजून बघतेच आहे म्हटल्यावर पुढं बोलली, "घरच्यास्नी मोठा लागतोय वैनी, तुकड्या पाडाय. हॉटेलात ताटात बसणारा पायजे. मोठा दिला तर त्यास्नी थाळीचा भाव परवडत न्हाई."

हिशेब चोख होता, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण घरी येऊन मासे साफ करताना, दुपारी भात वाढताना, ते ताट डोक्यातून जाईना. अरबी समुद्रातल्या पापलेटानं केवढं व्हायचं हे शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या आमच्या गावातल्या स्टीलच्या ताटाचा घेर ठरवणार. थाळीत मासा अख्खा हवा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. फोटोत तसा बरा दिसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे हल्ली घरी पोचायच्या आधी फोन करून विचारतात, थाळी कुठली चांगली? मीच सांगते.

आम्हा बेळगावकरांचं समुद्राशी नातं तसं विचित्रच. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, पण मासळीवर जीव असा की कोकणातल्या माणसानं लाजावं. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याची मासळी येते, आंबोलीनं वेंगुर्ला-मालवणची, खालून कारवार-अंकोल्याची, त्याहून खालून मालपे-मंगळूरची. घाट चढून आलेल्या माशाला गाव विचारायची आमच्यात पद्धत नाही. डोळा बघायचा, कल्ला उचलून लाली बघायची, पोटावर अंगठा दाबायचा आणि भाव पाडायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार पाळणाऱ्यांचे. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या गल्लीतून चालत जा, कुणाच्या कढीत तिरफळ पडलंय आणि कुणी संकेश्वरी मिरची जास्त घातलीय हे बाहेरूनच कळतं. भरती-ओहोटीशी आमच्या या वारांचा काही संबंध नाही. आणि यादी चारच नावांची: सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. समुद्रात शेकड्यांनी जाती, ट्रकातून उतरतात डझनावारी आणि आमच्या जिभेवर चार. माझ्या मते सगळं दुखणं इथून सुरू होतं. जाळ्यांचं पाप नंतरचं.

महाराष्ट्रानं २०२३ साली पापलेटाला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटाला १३५ मिलीमीटर, बोंबलाला १८०. हे वाचलं तेव्हा मी नातवाची मोजपट्टी आणून हातावर मांडली. मनगटाच्या घडीपासून करंगळीच्या टोकापर्यंत माझा हात जवळजवळ तेवढाच भरतो. तेव्हापासून बाजारात हात माशाजवळ सहज आडवा धरायची मला खोड लागली आहे. अक्काला वाटतं मी ताजेपणा बघतेय. तिच्या तिसऱ्या ढिगातले बहुतेक माझ्या करंगळीच्या आसपास होते, काही अलीकडं, काही पलीकडं. पण तो कायदा महाराष्ट्राचा, बाजार कर्नाटकातला आणि ती पेटी कदाचित गोव्याची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत ज्याच्या त्याच्या राज्याचा कायदा, त्यापुढं २०० मैलांपर्यंत केंद्राचा. सीमा म्हटलं की आमचे कान टवकारतातच. पण ही पाण्यावरची सीमा आम्ही कधी मनावर घेतलेली नाही.

घ्यायला हवी होती. मालवणच्या मच्छीमारांची वर्षानुवर्षं एक तक्रार आहे, कर्नाटकातल्या मालप्याकडचे हायस्पीड ट्रॉलर आमच्या पाण्यात घुसतात आणि रात्रीत सगळं ओढून नेतात. महाराष्ट्रानं सोमवंशी समितीचा अहवाल घेऊन २०१६ साली पर्ससीन जाळ्यांना, म्हणजे अख्खा थवा घेरून बटव्यासारखं तोंड आवळणाऱ्या जाळ्यांना, सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. केंद्रानं २०१७ साली एलईडीच्या उजेडात मासेमारी बंद केली. दोन बोटींमध्ये एकच जाळं धरून तळ खरवडत नेणंही बंद केलं. काळोख्या रात्री पाण्यावर झगझगीत दिवे सोडले की मासा आपल्या पायानं यावा तसा वर येतो, मोठा, लहान, अंड्यांवरचा, सगळा थवा एकदम. बंदी आहे, तरी किनाऱ्यावरून तक्रारी थांबलेल्या नाहीत. आणि आमच्याकडं मालवणच्या रापणीतला बांगडा आणि ट्रॉलरचा बांगडा अक्काच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी पडलेले असतात. एकाला धरायला अख्खी वाडी वाळूत पाय रोवून दोर ओढत होती, दुसऱ्याला एक इंजिन. तो उजेडात सापडला की अंधारात, हे त्याच्या अंगावर कुठं लिहिलेलं नसतं. भाव तोच.

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन शहापुरात आल्या, साड्यांच्या आणि मागांच्या गावात, तरी त्यांचं पंचांग शेवटपर्यंत समुद्राचंच राहिलं. मे संपत आला की आगोटीची खरेदी. बोंबील, सोडे, सुकट, खारे बांगडे. अंगणात पुन्हा एक ऊन दाखवायचं, मांजरांसाठी मला काठी घेऊन बसवायचं आणि मग पत्र्याच्या डब्यात कागद घालून थरावर थर. डब्याचं झाकण घट्ट असायचं, पण पहिल्या पावसात सगळं घर त्या वासानं भरायचंच. मग जून-जुलै ताजी मासळी घरात नाही. बोंबलाची चटणी, सोड्यांचा भात, सुकटीत कैरीच्या फोडी. श्रावणात तेही बंद. नारळी पौर्णिमेला त्या न्हाऊन, देवापुढं नारळ ठेवून दर्याच्या दिशेनं हात जोडायच्या. म्हणजे आमच्या संडासाच्या भिंतीकडं तोंड करून, कारण पश्चिम तिकडं होती. आम्ही सुना एकमेकींकडं न बघता हसू दाबायचो. त्या दिवसांत मासे अंड्यांवर असतात म्हणून त्या खात नव्हत्या असं लिहिलं तर फार छान दिसेल. पण मी विचारलं होतं, आणि त्यांचं उत्तर असं होतं: "पावसातली मासळी कुसकी येता आणि पैसे दुप्पट घेतत."

कारण काहीही असो, दोन-अडीच महिने एका घराची मागणी शून्य होती. त्यांच्यासारखी घरं किती होती!

आता सरकारी बंदी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. २०१५ च्या आधी ४७ होते. यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, वल्ह्याच्या होड्यांना तेवढी मुभा. पावसाळ्यात समुद्र ढवळून निघतो, तळाचं खाद्य वर येतं, पुष्कळ जाती त्याच सुमाराला अंडी घालतात, म्हणून हे दिवस. पण कॅम्पातली फळी जुलैत रिकामी असते का? भाव चढतो, बस. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, त्यामुळं आमचा समुद्र मिटला की पंधरवड्यात तिकडचा उघडतो आणि ट्रक घाटाऐवजी उलट्या दिशेनं यायला लागतात. लांबचा प्रवास, तिथून पुढं गोव्याला. २०१८ च्या जुलैत गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचा गोंधळ झाला, तिथल्या सरकारनं काही दिवस परराज्यातली मासळीच बंद केली, तेव्हा आमच्याकडंही महिनाभर प्रत्येक जण माशावर माशी बसते का ते बघत होता. माशी बसली तर मासा चांगला, असा तो काळ. मग विसरले. श्रावण संपला की आम्ही सगळंच विसरतो.

आणि कोळंबी बारा महिने. पांढरट, एका मापाची, जवळजवळ वास नसलेली. ही वनामी. मूळची प्रशांत महासागराच्या पलीकडची, २००९ पासून आपल्याकडं तळ्यांत वाढवायला लागले, आणि आता आंध्रच्या किनाऱ्यालगत मैलोगणती तळी आहेत. माझं माहेर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. आमच्या पन्हळीचं पाणी ओढ्यातून मलप्रभेला, मलप्रभा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रातून समुद्राला. डोंगराच्या त्या अंगाला पडलेला पाऊस म्हादईतून गोव्याला. दोन्ही समुद्रांचं पाणी आमच्या एकाच कौलारू गावावर पडतं, आणि वाटेतल्या उसाची खतं, साबणाचं पाणी, बेळगावचं सांडपाणी, सगळं घेऊन पूर्वेला जातं. तिथल्या खाऱ्या-गोड्या पाण्यावर पोसलेली कोळंबी मग ट्रकात बसून परत आमच्याकडं येते. शेतात वाढवली म्हणजे समुद्राला तेवढीच विश्रांती, असं मला पूर्वी वाटायचं आणि ते अगदीच खोटं नाही. पण कोळंबीच्या खाद्यात मासळीचं पीठ असतं. ते पीठ होतं कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत, तारली आणि ट्रॉलरमध्ये सापडलेली बारीकसारीक पोरंटोरं दळून. म्हणजे ताटात कोळंबी आली तरी तारली कुठंतरी मेलीच. ती आपण बघितली नाही, इतकंच.

तारलीवर मला जरा थांबायचं आहे, कारण आमच्या घरात ती दुय्यम मानली जाते आणि मला ती सगळ्यात आवडते. मूठभर लांबीचा मासा, पाठ निळी-हिरवी, पोट तेलानं तुकतुकीत. तव्यावर टाकली की तिचं तिलाच तेल सुटतं. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात ब्याडगी मिरची, हळद, चार-पाच तिरफळं, दोन आमसुलं. फार शिजवायची नाही, भांडं नुसतं हलवायचं, डाव घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती कढी आटून कडेला लालभडक होते आणि ती भाकरीला पुसून खायला मी कुणाला देत नाही. ही तारली गरिबाची मासळी म्हणून वाढली. केरळात २०१२ साली जवळजवळ ४ लाख टन मिळाली होती. २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ही नोंद ठेवते. समुद्र तापला, एल निनोच्या वर्षांत तिचं खाद्य आणि अंडी घालणं बिघडलं, आणि जी पिल्लं वाचली ती मोठी व्हायच्या आत उपसली गेली. त्यानंतर ती थोडीफार सावरली. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, वाढ भराभर, त्यामुळं संधी दिली तर ती परत येते. ती द्यायची असेल तर तिला पीठ करून कोळंबीला घालण्यापेक्षा तारली म्हणूनच, वाढलेली, माणसानं खाल्लेली बरी, असं माझं घरगुती अर्थशास्त्र सांगतं.

इथं लोक एक घोटाळा करतात. लहान मासा म्हणजे पिल्लू, असं समजून मांदेली सोडून देतात आणि पुण्य केल्यासारखं पापलेट घेतात. मांदेली जन्मभर बोटाएवढीच असते. जवळा तर नखाएवढा, तोही पोक्त. मोदकं, सौंदाळे, मुडदुशी, कुणी फार वाढायच्या भानगडीत पडत नाही. वीतभर सुरमई मात्र पाळण्यातली. लांबी जातीशी जोडून बघायची, नुसती बघून चालत नाही. आणि जाळ्याच्या बाबतीतही तेच. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची आस, म्हणजे विणीतलं भोक, तिरपी, पत्त्यातल्या चौकटच्या खुणेसारखी असेल, तर ओढ बसली की ती मिटते आणि मग केवढीही मोठी ठेवली तरी पोर बाहेर पडत नाही. तीच आस सरळ चौकोनी बांधली तर ताण बसूनही उघडी राहते. ४० मिलीमीटरची चौकोनी आस ठेवा, असं सांगून शास्त्रज्ञ थकले. दोऱ्याच्या एका वळणाची गोष्ट आहे. पण बारीक मासळीलाही पिठाच्या कारखान्याचं गिऱ्हाईक असताना ती सोडायला कोण तयार होणार?

गाबोळीबद्दल, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांबद्दल, माझ्याकडं स्वच्छ मत नाही.

हळद-मीठ लावून, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून, मंद आंचेवर. आतून वाळूसारखी रवाळ, वरून कुरकुरीत. बांगड्याची निघाली तर पोरं भांडतात, आणि सुरमईची मोठी निघाली तर आमचे हे भांडतात. बांगड्याच्या पोटात हजारो अंडी असतात, त्यातली बहुतेक अशीही कुणाच्या तरी पोटात जाणारच, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मात्र तसं सांगता येत नाही. मोरी अंडी घालत नाही, पिल्लं घालते, तीही मोजकी. शार्कच्या मोठ्या जातींना वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी कुणाकुणाला निरोप धाडून मोरीची पिल्लं मागवली होती. बाळंतिणीला दूध येतं म्हणून. हातभर, राखाडी, कातडी उलट्या हातानं चोळली तर खरखरीत. लसूण, काळी मिरी आणि भरपूर नारळाचा रस घालून केलेलं ते कालवण पिताना मला अंगात बळ भरतंय असं खरोखर वाटलं होतं. सून बाळंत झाली तेव्हा अक्कानं आपणहून विचारलं, "मोरी आणून ठेवू काय?" मी म्हटलं, मेथी-आळिवावर भागवतो. अक्काला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही.

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, काकू, आमच्याकडं सोपं आहे, मॉन्टेरेच्या मत्स्यालयानं यादी केलीय, हिरव्यातला मासा बिनधास्त घ्या, पिवळ्यातला विचार करून, लाल टाळा. पाकिटावर निळी खूणही असते, समुद्र न ओरबाडता धरलेल्या माशाची. मी म्हटलं, अक्काच्या फळीवर पाकीटच नाही तर खूण कुठं लावू? पण ती निळी खूण भारतात आलेली आहे. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, ती २०१४ साली मिळाली, देशातली पहिली मासेमारी ती. आधी एवढ्या उपसल्या की खाडीच बसली. मग तिथल्याच लोकांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हात बांधून घेतले, बारीक आसाची जाळी बंद केली, आणि तिसऱ्या परत भरल्या. पश्चिम किनाऱ्यासाठी कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा, याचं पंचांगही 'नो युअर फिश' नावाच्या उपक्रमानं केलेलं आहे, मोबाइलवर बघता येतं. सासूबाईंना दाखवायला हवं होतं. त्यांनी चुका काढल्या असत्या.

पण खरी यादी अक्काच्या तोंडात आहे, हे मला हळूहळू कळलं. तिला कुणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. "ह्यो कुठला?" असं विचारायला लागले तेव्हा पहिले काही आठवडे तिला वाटलं मी भाव पाडायला नवी युक्ती काढलीय. आता ती पेटी उघडतानाच बोलते. हा कारवारचा, काल रात्रीचा. हा बर्फातला, चार दिवसांचा, तुमी घेवू नका. ही कर्ली वेंगुर्ल्याची, गळावरची. गळावरचा मासा तोंडाशी फाटलेला असतो, अंगावर जाळ्याचे वळ नसतात, हे तिनंच दाखवलं. तिचा अंगठा माशाच्या ओठावर होता आणि नखात खवला अडकलेला. दाखवून झाल्यावर हात फळीवरच्या पाण्यात बुडवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पापलेटाचा भाव सांगायला लागली.

माहेरी पहिल्या पावसात चढणीचे मासे यायचे, तेव्हा असले प्रश्न नव्हते. ओढा भातखाचरांत शिरला की बोटा-दोन बोटांचे मासे पाण्याच्या उलट अंगानं, बांधावरून उड्या मारत वर चढायचे, अंडी घालायला. आजोबा, काका, सगळी वाडी कंदील घेऊन बाहेर. बांबूचे सापळे, जुनी साडी, कुणी नुसतं घमेलं. पोटं अंड्यांनी टम्म असायची आणि तीच गोडी. कुणी मोजून धरलं किंवा पुढच्या वर्षासाठी मुद्दाम सोडलं असं माझ्या आठवणीत नाही. सोडले जायचे ते पाऊस फार झाला, कंदील विझला, सर्दी झाली म्हणून. माणसं थोडी होती आणि अंधार पुष्कळ. आता बॅटऱ्या आहेत, ओढ्यात वीज सोडणारे महाभाग आहेत, वर खाचरात तणनाशक आहे, आणि मासे पूर्वीएवढे चढत नाहीत. भाऊ सांगतो.

म्हणून गोड्या पाण्याचा प्रयोग केला. हिडकल धरणातला रोहू. आमच्याकडं कटला-रोहू म्हणजे नाइलाजाचा मासा, समुद्र परवडत नाही त्यानं खायचा, असा एक माज आहे. पण हे मासे दुसऱ्या माशांवर जगणारे नव्हेत. तळ्यात वाढवले तरी कोंडा-पेंडीवर वाढतात, त्यांच्यासाठी तारली दळावी लागत नाही. मातकट वास येतो हे खरं. चिंचेच्या कोळात, मीठ-हळदीत तासभर ठेवला, पाणी टाकून दिलं, आणि मालवणी वाटणाऐवजी सरळ कांदा-सुक्या खोबऱ्याचं मटणाचं वाटण लावलं. ह्यांनी दोन घास खाल्ले, काटे काढले, म्हणाले, "वाईट नाही." आमच्या घरात हा बराच वरचा शेरा आहे. मात्र बुधवारी परत विचारलं, "आज समुद्रातला आणलायस ना?"

या सगळ्यात अक्काचं काय, हे मला सुटलेलं नाही. तिच्या दिवसाचा नफा त्या तिसऱ्या पेटीत आहे. हॉटेलवाला रोख देतो, रोज घेतो, कल्ले उचलून बघत नाही. मी आठवड्यातून एकदा अर्धा किलो सौंदाळे घेणार आणि वर पेटीकडं बघून तोंड वाकडं करणार, त्यानं तिची चूल पेटत नाही. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, थाळीत अख्खा पापलेट देण्यापेक्षा मोठ्या कर्लीची तुकडी किंवा चार मांदेल्या कुरकुरीत तळून दिल्या तर काय बिघडतं, हॉटेलवाल्याला सांगून तर बघ. ती हसली. "तुमीच सांगा की वैनी. तुमच्या पोराचा दोस्तच हाय तो." ते खरं निघालं. मुलाला सांगितलंय बोलायला. तो 'बघतो' म्हणालाय, आणि आमच्या मुलाचं 'बघतो' काय असतं ते मला माहीत आहे.

दरम्यान नणंद येतेय पुण्याहून, चार दिवस राहणार. फोनवर पहिली फर्माईश पापलेटाची. तळहाताहून मोठं मिळालं तर आणीन, एक आणून तुकड्या करीन. नाही मिळालं तर वेंगुर्ल्याची कर्ली. कर्लीच्या काट्यांवरून ती पहिल्या घासापासून शेवटपर्यंत बोलणार, माझ्या स्वयंपाकावरून बोलणार, आणि आईच्या हाताची आठवण काढणार. त्याला इलाज नाही. तिच्या आईनंच मला कर्ली चिरायला शिकवलं, पाठीकडून बारीक बारीक छेद देऊन, काटा तेलात विरघळेल असा. सुरीला धार लावून ठेवलीय.